देव नाही मानला तर?

प्रश्न : मुलगा म्हणतो, देव मानत नाही. धाकच नसेल तर तो लबाडी करणार नाही कशावरून? – एक आई, दापोली

उत्तर : ताई, मी रोज गणपतीला जास्वंद वाहतो, आणि एका मे महिन्यात हापूसच्या पेटीत खालच्या थराला बारकं फळ भरलंय. पेंढ्याखाली दिसतं कुणाला! पेटी उपसून ते बदलायला लावलं आमच्या काकांनी, देवळाची पायरी कधी न चढलेल्या. "गिऱ्हाईक पैसे मोजून देतंय ना?" एवढंच बोलले. तुमच्या मुरुडच्या कर्वे घराण्यातले र. धों. तर उघड नास्तिक. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं; या प्रचारापायी प्राध्यापकी गेली, काम सोडलं नाही. मुलगा हिशोबाला कसा आहे, ते बघा. देवाला गाऱ्हाणं खुशाल घाला, पण त्याच्या नावाने नको, चिडेल.