दरीतले पाणी कोणासाठी वळवले होते?

इंग्लंडमधील शेफिल्ड आणि त्याच्या शेजारचा डर्बिशर परगणा येथील निसर्गरम्य दऱ्यांविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : शेफिल्डला मुलीकडे राहत असताना आम्ही उभयता रिव्हेलिन नदीच्या काठाने फिरायला जात असू. गर्द झाडी, तळी, खंड्या पक्षी, दगडांवरून उड्या घेणारे पाणी हे सारे पाहून ही दरी पहिल्यापासून अशीच असावी असे वाटते; परंतु तेथील फलकांवर कारखान्यांची नावे आहेत. इतके कारखाने येथे होते तर त्यांच्या खुणा का दिसत नाहीत? आणि एवढ्याशा नदीवर ते चालत तरी कसे?

उत्तर : आपण ज्या तळ्यांचा उल्लेख केला आहे, त्याच या दरीतील सर्वांत मोठ्या खुणा आहेत. ती तळी माणसाने बांधलेली आहेत. शहराच्या पश्चिमेकडील उंच माळावर उगम पावून मॅलिन ब्रिज येथे लॉक्सली नदीला मिळेपर्यंत रिव्हेलिन लहानच राहते, पण तिचा उतार तीव्र आहे, आणि पाण्यावर चाक फिरवायचे असेल तर रुंद पात्रापेक्षा उतार अधिक उपयोगी पडतो. या उतारावर एकाखाली एक अशी सुमारे वीस ठिकाणी पाण्याची चाके फिरत होती. काही ठिकाणी धान्य दळले जाई, काही ठिकाणी कागद तयार होई, कोठे पोलाद ठोकणारे अवजड हातोडे चालत, तर माउसहोल फोर्ज येथील ऐरणी दूरदूरच्या देशांत जात. सर्वाधिक चाके मात्र चाकू, कात्र्या आणि विळे यांना धार लावणारे दगड फिरवण्यासाठी होती, कारण शेफिल्डचा हाच मुख्य धंदा होता आणि तेथील कारागिरांची ‘कटलर्स कंपनी’ ही संघटना १६२४ पासून कायद्याने मान्यता पावलेली होती.

पाणी वापरण्याची रीत अशी होती. नदीच्या पात्रात आडवा दगडी बंधारा घालून पाणी थोडे वर उचलत आणि बाजूला काढलेल्या पाटात सोडत. हा पाट डोंगराच्या कडेने जवळजवळ सपाट नेलेला असे. नदी खाली उतरत जाते, पाट उतरत नाही. त्यामुळे काही अंतर गेल्यावर दोघांच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, आणि हा फरक हेच कारखानदाराचे खरे भांडवल होय. सेकंदाला १०० लिटर पाणी चार मीटर खाली पडले तर त्यातून सुमारे चार किलोवॅट शक्ती मिळते, आणि चाकातील घट वजा जाता हाताशी येते ती साधारण अडीच किलोवॅट. आजच्या हिशेबाने हे अगदीच थोडे आहे, पण धार लावण्याचे कित्येक दगड त्यावर फिरू शकत. जॉन स्मीटन या अभियंत्याने लहान प्रतिकृतींवर प्रयोग करून १७५९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे दाखवून दिले होते की, पाणी वरून चाकाच्या कप्प्यांत सोडले तर, चाकाच्या तळाशी नुसता प्रवाह आपटवण्याच्या मानाने, जवळपास दुप्पट काम मिळते. लांबच लांब पाट खणण्याचा आणि त्यांची डागडुजी करण्याचा खटाटोप लोक का करीत, हे यावरून लक्षात येईल.

आता तळ्यांविषयी. नदी रात्रीही वाहते, पण कारागीर रात्री झोपतात. रात्रीचे पाणी साठवून दिवसा वापरण्यासाठी प्रत्येक कारखान्याच्या डोक्यावर एक तळे लागे. चाकावरून पडलेले पाणी पुन्हा नदीत किंवा थेट खालच्या कारखान्याच्या पाटात जाई, त्यामुळे वरच्याने पाणी अडवून धरले की खालच्याचे काम बंद पडे. १८४० च्या दशकात दरीच्या माथ्यावर शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी जलाशय बांधले गेले, तेव्हा गिरण्यांच्या वाट्याचे ठरावीक पाणी खाली सोडत राहण्याचे बंधनही त्यांच्याबरोबरच आले.

एखाद्या कारखान्याची जागा ओळखायची असल्यास इमारत शोधू नये. ती बहुधा पाडलेली असते. नदीला समांतर, पण तिच्यापेक्षा वर, झाडीतून जाणारी ओलसर सपाट चर दिसली तर तिच्या कडेने चालत राहावे. ती तळ्यात उतरेल, किंवा गाळाने भरून वाळुंज वाढलेल्या एखाद्या सपाट दलदलीत उतरेल; ते जुने तळेच असते. तळ्याच्या नदीकडील बाजूस सरळ, तीव्र उताराचा मातीचा बांध असतो. त्यात दगडी सांडवा आणि एखादी अरुंद फट सापडते. त्या फटीखाली दगडांनी बांधलेला खोल, चिंचोळा खड्डा असेल तर चाक तेथे बसवलेले होते. आसपासच्या गडग्यात किंवा पायवाटेच्या फरशीत मधोमध चौकोनी भोक असलेला, झिजलेला गोल दगड दिसला की तेथे काय काम चालत असे याविषयी शंका उरत नाही. हे सारे पाहण्यासाठी पानगळ झाल्यानंतरचे दिवस निवडावेत. भर उन्हाळ्यात नेचे आणि काटेरी जाळ्या पाट पूर्णपणे झाकून टाकतात.

प्रश्न : अशा दऱ्यांविषयी वाचताना ‘ग्राइंडर्स अस्थमा’ असा उल्लेख आढळतो. नदीकाठच्या मोकळ्या हवेत काम करणाऱ्यांना दमा कशामुळे होत असे?

उत्तर : नदीकाठची हवा मोकळी होती, कारखान्यातली नव्हती. धार लावण्याचे दगड वालुकाश्माचे असत. घासताना उडणारी त्याची सिलिकायुक्त धूळ फुप्फुसांत साचून ती हळूहळू निकामी होत. आज या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. मोठी पाती ओल्या दगडावर घासली जात, तेथे धूळ तुलनेने कमी असे. जेवणाचे काटे आणि सुया कोरड्या दगडावर घासल्या जात, आणि हे काम करणारे कारागीर तरुण वयातच मरत. याशिवाय वेगाने फिरणारा दगड फुटून समोर बसलेला माणूस जागीच ठार होण्याचे प्रसंग घडत. पाण्याची चाके चित्रात मोहक दिसतात, आणि म्हणूनच फलक लिहिणाऱ्यांनी या मजकुराला अधिक जागा द्यायला हवी, असे माझे मत आहे.

प्रश्न : डर्बिशरमधील लॅथकिल डेल या राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्रात दोन गोष्टी चमत्कारिक वाटल्या. एक म्हणजे नदीचा वरचा भाग उन्हाळ्यात कोरडा पडतो. दुसरी म्हणजे, सगळीकडे हिरवळ असताना मध्येच खडीसारखे उघडे तुकडे दिसतात आणि त्यांवर केवळ बारीक पांढरी फुले असतात. याचा जुन्या खाणींशी संबंध आहे काय?

उत्तर : दोन्हींचा आहे, आणि दुसऱ्याचा तर फारच निकटचा आहे. ही दरी चुनखडकाची आहे. चुनखडकात भेगा असतात, म्हणून कोरड्या दिवसांत पाणी जमिनीखाली जाणे येथे काही अंशी स्वाभाविकच आहे. परंतु याच खडकात शिशाच्या खनिजाच्या शिरा होत्या, आणि शिरेचा पाठलाग करीत खाली गेलेल्या खाणकामगारांचा मुख्य शत्रू पाणी हा होता. त्यावर उपाय म्हणून डोंगराच्या पायथ्यापासून खाणीपर्यंत किंचित चढत जाणारे निचऱ्याचे बोगदे खणले जात. डर्बिशरमध्ये त्यांना ‘सफ’ म्हणतात. लॅथकिलच्या काठी मँडेल खाणीच्या अशाच बोगद्याचे तोंड आजही दिसते. जवळच्या मॅगपाय खाणीचा १८८१ मध्ये पूर्ण झालेला बोगदा तर पाणी थेट वाय नदीकडे नेतो. खाणी बंद पडल्या तरी बोगदे पाणी वाहून नेतच राहिले, त्यामुळे खडकातील पाण्याची पातळी पुन्हा पूर्वीइतकी वर आली नाही.

मँडेल खाणीजवळ नदीच्या दोन्ही अंगांना दगडी खांब उभे आहेत. एखाद्या पडक्या पुलाचे ते असावेत असा समज होतो. वस्तुतः खाणीतील पाणी उपसणारे चाक फिरवण्यासाठी नदीचे पाणी त्यांच्यावरून पलीकडे नेले जाई. पाण्याने पाणी उपसण्याचा हा उद्योग खर्चिक होता आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दरीतील हा व्यवसाय बसला. बेटमन्स हाउस हे पडके घर अवश्य पाहावे, कारण ते खाणीच्या विहिरीवरच बांधलेले आहे. आत शिडीने थोडे उतरता येते आणि हाताने मूठ फिरवून दिवा लावला की खालचे पाणी दिसते.

आता उघड्या तुकड्यांविषयी. खनिज फोडून, धुऊन शिसे काढून घेतल्यावर उरलेला चुरा तेथेच टाकला जाई. या चुऱ्यात शिसे आणि जस्त इतक्या प्रमाणात शिल्लक असते की बहुतेक वनस्पतींची मुळे त्यात तग धरत नाहीत, शिवाय त्यात पोषकद्रव्येही फारशी नसतात. ज्या थोड्या वनस्पतींना हे विष सोसते, त्यांना स्पर्धकच उरत नाही. आपण पाहिलेली पांढरी फुले बहुधा ‘स्प्रिंग सँडवर्ट’ची असावीत, डर्बिशरमध्ये तिला ‘लेडवर्ट’ म्हणजे शिशाची वनस्पती असेच म्हणतात. जेथे ती दाट उगवते तेथे खाणीचा चुरा असणार, असा अंदाज बांधायला हरकत नाही. गवतांतही असा फरक पडतो. अँटनी ब्रॅडशॉ या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये खाणीच्या चुऱ्यावर वाढणाऱ्या बेंट गवताविषयी प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून दिसून आले की, ते गवत शिसे आणि जस्त यांचे विष सहन करते, परंतु त्याच जातीचे साध्या कुरणातील गवत करीत नाही. काही पिढ्यांच्या अवधीत निसर्गाने निवड केल्याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच पाहायला मिळते, आणि ते एका बंद पडलेल्या धंद्याच्या कचऱ्यावर मिळते. म्हणूनच अशा जागांवर चांगली माती टाकून त्या ‘सुधारण्याचा’ विचार संवर्धक करीत नाहीत. उलट काट्याकुट्यांचे रान माजून तुकडे झाकले जाणार नाहीत याची काळजी घेतात.

डर्बिशरच्या पठारावर कुरणे कापत जाणारी झाडांची लांबच लांब अरुंद रांग दिसली, तर तीही याच कथेचा भाग असू शकते. शिशाच्या शिरेवरची जमीन गुरांना विषारी असते. गुरे तेथे चरू नयेत म्हणून अशा पट्ट्यांवर झाडे लावून त्या बंदिस्त करीत.

प्रश्न : जुने बंधारे माशांच्या वाटेत येतात म्हणून काढून टाकावेत, असे काही निसर्गप्रेमी म्हणतात, इतिहासप्रेमी त्याला विरोध करतात. आपले मत काय?

उत्तर : सरसकट कोणतेही मत देणे धोक्याचे आहे. बंधारा काढल्यास नदीचा गाळ आणि मासे मोकळे होतात हे खरे, परंतु त्याच बंधाऱ्यावर वरचे तळे अवलंबून असेल तर तेही आटते, आणि त्याबरोबर तेथील बेडूक, चतुर आणि पाणपक्षी जातात. शिवाय धार लावण्याच्या कारखान्यांखालच्या गाळात दगडाच्या पिठाबरोबर धातूंचा चुराही मिसळलेला असू शकतो. तो एकदम खाली सोडणे योग्य नाही. शेफिल्डमधून वाहणाऱ्या डॉन नदीवर मधला मार्ग काढला गेला. बंधारे ठेवून त्यांच्या कडेला माशांना चढण्यासाठी पायऱ्यांचे मार्ग बांधले, आणि सुमारे दोनशे वर्षांनंतर सामन मासा शहरापर्यंत पुन्हा पोहोचला. तळ्यांबाबत मात्र प्रत्येक तळ्यातील गाळ उपसत बसण्यापेक्षा एक-दोन नीट राखावीत आणि उरलेल्यांची दलदल होऊ द्यावी, असे मला वाटते. दलदलीलाही तिचे स्वतःचे रहिवासी असतात.

प्रश्न : घरबसल्या अशा दरीचा इतिहास शोधायचा असेल तर सुरुवात कोठून करावी? आणि तेथे सापडलेले तुकडे घरी आणले तर चालतात काय?

उत्तर : सुरुवात जुन्या नकाशांपासून करावी. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे एकोणिसाव्या शतकातील मोठ्या प्रमाणावरचे नकाशे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने इंटरनेटवर विनामूल्य ठेवले असून ते आजच्या उपग्रहचित्राशेजारी ठेवून पाहता येतात. बंधारा, पाट, तळे आणि इमारत यांची नावे त्यांवर असतात. विमानातून लेसरच्या साहाय्याने केलेली जमिनीची मोजणी म्हणजे लिडार. इंग्लंडसाठी ती खुली आहे आणि झाडीखाली दडलेले पाटही त्यात रेषेसारखे उमटतात. माणसांसाठी जनगणनेची पाने पाहावीत. १८४१ पासूनच्या नोंदींत नावाबरोबर व्यवसायही दिलेला असतो, त्यामुळे एखाद्या घरात धार लावणारे किती होते हे कळते. लॉक्सली दरीबाबत आणखी एक विलक्षण साधन आहे. ११ मार्च १८६४ च्या रात्री डेल डाइक धरण फुटून किमान २४० माणसे दगावली. त्यानंतर नुकसानभरपाईसाठी जे हजारो दावे दाखल झाले, त्यांत वाहून गेलेली अवजारे, पट्टे आणि दगड यांच्या याद्या आहेत. कारखान्यात प्रत्यक्ष काय काय असे, हे त्यांच्याइतके तपशीलवार सांगणारे कागद थोडेच असतील.

सापडलेली वस्तू उचलू नये. राखीव क्षेत्रातील दगड वा भट्टीतील मळीचा तुकडा जागेवरच असेल तर काही सांगतो, कपाटात गेल्यावर त्याचा संदर्भ तुटतो. इंग्लंडमध्ये संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय धातुशोधक यंत्र वापरणे हा १९७९ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. वस्तूचे छायाचित्र घ्यावे, शेजारी एखादे नाणे प्रमाणासाठी ठेवावे, जागा नकाशावर टिपावी आणि ही माहिती स्थानिक पुरातत्त्व नोंदवहीकडे पाठवावी. खाणींच्या जुन्या विहिरी व बोगद्यांत शिरू नये. वरचे झाकण कुजलेले असू शकते आणि आतील हवेत प्राणवायू कमी असू शकतो.