मुंडक्याचे फोटो कुणाला पाठवू नका, आधी आवकचा शिक्का घ्या

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि २०१५ मधला मीच डोळ्यासमोर आलो. सासरे जाऊन सहा आठवडे झालेत, देवळाली कॅम्पचा बंगला दिवाळीआधी रिकामा करायचाय, हॉलमध्ये बिबट्याचं मुंडकं, जिन्यात सांबरशिंगं, कपाटात दुनळी बंदूक, माळ्यावर मासेमारीचं आणि कॅम्पचं सामान, आणि तुमचा प्रश्न एवढाच की मुंबईच्या लिलाववाल्यांना सगळ्याचे फोटो एकदमच पाठवू का.

नका पाठवू. निदान मुंडक्याचे आणि शिंगांचे तरी नकाच.

आधीच सांगतो, मी वकील नाही, वनखात्यातला नाही, फक्त पोळलेला माणूस आहे. कलमं माझ्या वकिलांनी समजावली तशी सांगतोय, तुम्ही तुमच्या वकिलांना विचाराच. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, बिबट्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही.

तुम्ही पोस्टच्या शेवटी जाता जाता लिहिलंय की फाइलमध्ये १९७३ चं एक मालकीचं सर्टिफिकेट सापडलं. सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. सासऱ्यांनी तेव्हा रीतसर जाहीर केलं होतं म्हणजे वस्तू चोरीची नाही, पण ते सर्टिफिकेट त्यांच्या नावावर आहे, तुमच्या मिस्टरांच्या नाही. वारसाहक्काने अशी वस्तू आली की वारसाने ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे लेखी घोषणा करायची असते. कलम ४०, पोटकलम २ब. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस संपले, तुमच्याकडे अठ्ठेचाळीस उरलेत. बंगला, लिलाव, माळा सगळं बाजूला ठेवा आणि आधी हे करा.

आता माझं काय झालं ते सांगतो, कारण नव्वद दिवस मलाही माहीत होते. आमचे आजोबा सुरगाण्याकडे शिकारीला जायचे, आमचाही बिबट्या म्हैसूरच्या व्हॅन इंगेनकडून भरून आलेला, पाटाच्या मागे लेबल होतं. वडिलांनी सत्तरच्या दशकात सर्टिफिकेट काढलेलं. वडील मे २०१५ मध्ये गेले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी अर्ज टाइप करून, सर्टिफिकेटची झेरॉक्स आणि मृत्यूचा दाखला जोडून एका कार्यालयात गेलो, कोणत्या ते लिहीत नाही, उगाच नवीन भानगड नको. टेबलावरच्या बाबूने अर्ज नीट वाचला, हे मान्य करतो. फोटो दोनदा बघितला, शेजारच्याला दाखवला, "ओरिजिनल आहे का हो?" असं कौतुकाने विचारलंसुद्धा. मग अर्ज माझ्याकडे सरकवून म्हणाला, वारस दाखला आणा, मग घेऊ.

त्या घोषणेला वारस दाखला लागतो असं त्या कलमात कुठेही लिहिलेलं नाही. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी मान डोलावली आणि परत आलो.

वारस दाखला म्हणजे दिवाणी कोर्ट, आपल्याकडे तो अजून १८२७ च्या रेग्युलेशनवर चालतो. अर्ज, जाहीर नोटीस, हरकतीची मुदत, तारीख, त्यात महिने जातात. मध्ये दोनदा परत गेलो. एकदा ऐकलं, साहेब सिंहस्थाच्या मीटिंगला गेलेत. १४ जुलैला ध्वजारोहण झालं आणि त्यानंतर नाशकातलं कुठलंही टेबल कुंभमेळ्याशिवाय दुसरं काही बोलेना. दुसऱ्यांदा ऐकलं, आता पर्वणी होऊन जाऊ द्या, तुमचा बिबट्या कुठे पळून जातोय. सगळे हसले, मीही हसलो. तो अर्ज प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये माझ्या स्कूटरच्या डिकीत पडून राहिला, पावसाळाभर, पाना-पक्कड आणि ऑइलच्या फडक्याबरोबर. ऑगस्टमध्ये कधीतरी नव्वदावा दिवस होऊन गेला, मी बहुतेक त्या दिवशी डबा घेऊन ऑफिसला गेलो असेन.

पुढचा गाढवपणा माझा स्वतःचा. इंग्लंडमधल्या लिलावांची पानं मी तेव्हा रात्र रात्र बघायचो. तिकडे बंदुका, मासेमारीचं सामान आणि भरलेले प्राणी यांचे वेगळे सेलच होतात, आणि त्यात व्हॅन इंगेनचे वाघ-बिबटे उघड उघड विकले जातात, कारण १९४७ पूर्वीची भरलेली वस्तू असेल तर त्यांच्या कायद्यात सूट आहे. मला वाटलं जुनं ते जुनं. आपल्याकडे ती सूट नाही. सर्टिफिकेट असलं तरी विक्री नाही, विकायला काढणंही नाही, पैशाच्या बदल्यात देणं नाही, २००३ पासून तर अगदीच नाही. मी चुलतभावाच्या ओळखीतल्या जुन्या वस्तूंच्या एका ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली तीन शब्द लिहिले, "किती येतील अंदाजे?"

डिसेंबरमध्ये सकाळी साडेनऊला दोघं जण घरी आले. चपला बाहेर काढल्या, आईने चहा टाकला. त्यातले मोठे अधिकारी खरंच सज्जन होते, आवाज चढवला नाही. त्यांनी मोबाईलवर माझाच स्क्रीनशॉट दाखवला. मी म्हटलं साहेब, सर्टिफिकेट आहे, वडील गेले, मी अर्ज दिलेला आहे. ते म्हणाले, छान, पोहोच दाखवा. मी धावत खाली जाऊन डिकीतला फोल्डर आणला. त्यांनी अर्ज पुढून बघितला, उलटा करून बघितला आणि म्हणाले, "अहो, हा तर तुमच्याकडेच आहे."

एवढंच. त्या एका वाक्याने अडीच वर्षं गेली माझी. पंचनामा, जबाब, मुंडकं कापडात गुंडाळून नेलं, तारखा, वकिलाची फी, आईचं बीपी. शेवटी कसं मिटलं ते इथे लिहू नका असं वकिलांनी सांगितलंय. बिबट्या परत आला नाही हे सांगतो. ज्या बाबूने अर्ज घेतला नाही त्याचं काहीच झालं नाही, होणारही नव्हतं, कारण तो मला भेटला होता याचाच पुरावा नव्हता.

म्हणून मला विचाराल तर मी जरा हट्टी सल्ला देईन. अर्ज दोन प्रतींत करा, दुसऱ्या प्रतीवर आवकचा नंबर, तारीख आणि गोल शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तरी नाही. घेतच नसतील तर वाद घालू नका, तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टने पोहोच पावतीसह पाठवा, एक प्रत नाशिकच्या उपवनसंरक्षकांना आणि एक थेट नागपूरला, मुख्य वन्यजीव रक्षक तिथे बसतात. पावती आणि पोहोच दोन्ही फाइलला लावा. वारस दाखला "प्राप्त होताच सादर करीन" असं एक वाक्य अर्जातच टाका म्हणजे त्या टेबलाचं तोंड बंद. आणि आता परत सिंहस्थ डोक्यावर आलाय, तेव्हा कारण तयारच असेल, ऐकून घ्या आणि पोस्टात जा.

मुंडकं ठेवायचंच नसेल तर २०२२ च्या दुरुस्तीने स्वतःहून सरकारजमा करायची सोय झालीये, मोबदला मिळत नाही. माझ्या वेळी ही असती तर मी आनंदाने दिलं असतं. पण त्यालाही सर्टिफिकेट सरळ लागतं, म्हणजे परत तोच शिक्का.

सांबरशिंगांचंही त्याच अर्जात लिहा, सर्टिफिकेटमध्ये नोंद आहे का बघा. माळ्यावर सांबरशिंगाच्या मुठीचा सुरा, हस्तिदंती मूठ, कातड्याची पाकिटं असलं काही निघालं तर तेही "सामान" नाही, प्राण्याचीच वस्तू आहे, लिलावाच्या ढिगात टाकू नका. आणि हे राग मानू नका पण देव्हाऱ्यात किंवा दागिन्यांच्या डब्यात वाघनखाचं लॉकेट आहे का बघा. आपल्याकडे बाळाच्या गळ्यात घालायची पद्धत होती, निम्म्या जुन्या घरांत निघतं. बरीचशी खोटी असतात, पण खरं निघालं तर सराफाकडे मोडायला नेऊ नका म्हणजे झालं.

मुंडकं हाताळताना ग्लोव्हज आणि मास्क घाला. जुन्या काळी कातड्याला किडा लागू नये म्हणून आर्सेनिकचा साबण चोळायचे. आमची मोलकरीण वर्षानुवर्षं त्यावर फडकं मारायची, आठवलं की अजून कसंतरी होतं. व्हॅक्यूम तर मुळीच लावू नका.

बंदुकीचं त्या मानाने सोपं आहे पण घाईचं आहे. परवाना सासऱ्यांसोबत संपला, आत्ता ती कपाटात आहे म्हणजे विनापरवाना घरात आहे. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक आर्म्स डीलरकडे जमा करा आणि पावती घ्या, हे या आठवड्यातच. देवळाली कॅम्प आयुक्तालयाच्या हद्दीत येतं, तेव्हा पुढचे कागद पोलीस आयुक्तालयात, कलेक्टर ऑफिसला हेलपाटा घालू नका, मी घातलाय. मी डीलरकडे ठेवली, भाडं लागतं पण तेल-पाणी होतं. ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत लाकडी दस्त्याचं काय होतं ते मी दुसऱ्या एकाचं पाहिलंय.

मिस्टरांना नावावर करायची असेल तर वारसाला परवाना मागता येतो. विकायची असेल तर डीलरमार्फत, परवाना असलेल्यालाच. दोन परवानाधारकांनी आपसात व्यवहार करायचा तरी आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. सर्वसाधारण लिलावात हातोडा मारून बंदूक विकली जात नाही, कुणी घेतो म्हणाला तर त्याच्यापासून लांब राहा. जुन्या इंग्लिश दुनळ्यांना आपल्याकडे गिऱ्हाईक आहे, कारण ऐंशीच्या दशकापासून सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करणं जवळपास बंदच आहे. तुमच्या फोटोत बर्मिंगहॅमचं नाव दिसतंय, बॅरलच्या खालच्या बाजूला चाचणीचे छोटे शिक्के असतील, त्यांचे जवळून फोटो डीलरला दाखवा. बॅरलवर आडवी नागमोडी नक्षी असेल तर ती दमास्कस, म्हणजे बंदुकीच्या काळ्या दारूच्या काळातली, ती भिंतीची शोभा, उडवायची नाही. साधी असली तरी चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो भाग, अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचा असू शकतो, आणि हल्लीचं काडतूस ७० चं असतं. ते आत बसतं. बसतं म्हणूनच धोका आहे, कारण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा पुरत नाही. उरलेली जुनी काडतुसंही बंदुकीबरोबरच जमा करा, गणपतीत उडवायला कुणाला देऊ नका (विचारणारे भेटतात).

राहिलं माळ्यावरचं सामान, आणि लिलावाची खरी मजा त्यातच आहे. फिशिंग रील, बांबूचे रॉड, काडतुसांची चामडी बॅग, बंदुकीची पेटी, दुर्बीण, घडीच्या कॅम्प खुर्च्या, कंदील, याला कुणाची परवानगी लागत नाही. आमच्याकडे हार्डी या इंग्लिश कंपनीचं एक रील निघालं, आजोबा त्यावर गोदेत महाशीर धरायचे. मी अतिशहाणपणा करून पितळ चिंचेने घासून लख्ख केलं आणि लिलाववाल्याने फोनवर चक्क उसासा सोडला. काही घासू नका. पॉलिश नाही, चामड्याला खोबरेल नाही, फक्त कोरडं फडकं. मूळ डबी, किल्ली, दुकानाचं लेबल, जुनी पावती वेगळी करू नका, किंमत त्यालाच येते. सासऱ्यांचे कॅम्पवरचे फोटो असतील तर झेरॉक्स जोडा, पण मेलेल्या जनावरासोबतचा नको. आमच्या एका फोटोत आजोबा नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर बदकांची माळ धरून उभे आहेत, तेव्हा तो शौक होता, आता तिथे अभयारण्य आहे आणि रामसार स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तो फोटो मी घरातच ठेवलाय.

लिलाववाल्याला रिझर्व्ह किंमत, म्हणजे ज्याखाली विकायचं नाही तो आकडा, लेखी मागा, विकणाऱ्याचं कमिशन, फोटोचा खर्च, न विकलेला माल परत आणायचा खर्च आधीच विचारा. मी विचारला नव्हता, दोन खुर्च्या मुंबईहून परत आणायला खुर्चीपेक्षा टेम्पो महाग पडला.

आज शुक्रवार. उद्या-परवा सरकारी कार्यालयं बंद, तेव्हा या दोन दिवसांत अर्ज टाइप करून घ्या आणि सोमवारी अकराच्या आत मिस्टरांना पाठवा, जेवणाच्या सुट्टीनंतर शिक्का सापडत नाही. स्टॅम्प पॅडची शाई वाळलेली असते, दोनदा मारायला सांगा, नंबर वाचता आला पाहिजे. पेन घरून न्या, तिथलं दोरीला बांधलेलं असतं आणि उठत नाही. आवक नंबर मिळाला की इथे कळवा, अर्जाचा मसुदा हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझा तो अजून आहे, ऑइलच्या डागासकट.