प्रश्न तुमचे, उत्तर कायद्याचे : वेतन अनुदान आणि न्यायाधिकरणाची कक्षा

प्रश्न : माझी भाची मेलबर्नमधील एका उपाहारगृहात कामाला होती. २०२० मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने 'जॉबकीपर' हे करोनाकाळातील वेतन अनुदान सुरू केले, पण तिच्या मालकाने तिचे नाव त्यात घातले नाही. अशी तक्रार तिथले 'फेअर वर्क कमिशन' ऐकत नाही, असे तिला सांगण्यात आले. कामगारांचे वाद सोडवण्यासाठीच नेमलेल्या न्यायाधिकरणाला पगाराचाच वाद कसा वर्ज्य? — एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या भाचीला मिळालेली माहिती बरोबर होती, मात्र तिचे कारण कोणी नीट सांगितलेले दिसत नाही.

३० मार्च २०२० पासून लागू झालेल्या या योजनेत सरकार पात्र कर्मचाऱ्यामागे दर पंधरवड्याला १,५०० डॉलर देत असे, आणि ते कर्मचाऱ्याला नव्हे, तर मालकाला, कर कार्यालयामार्फत. मालकाची उलाढाल पुरेशी घटली आहे का (बहुतेक व्यवसायांसाठी ३० टक्के, एक अब्ज डॉलरहून मोठ्यांसाठी ५० टक्के) आणि कर्मचारी पात्र आहे का, हे प्रश्न त्यामुळे मुळात करप्रशासनाचे होते. कमिशनला एप्रिल २०२० मध्ये जो अधिकार मिळाला, तो फेअर वर्क कायद्यात तात्पुरत्या घातलेल्या एका भागापुरता होता. अनुदान घेणाऱ्या मालकाने कामाचे तास कमी केले, कामाचे स्वरूप किंवा ठिकाण बदलले, अथवा वार्षिक रजा घेण्याची विनंती केली आणि त्यावरून वाद झाला, तर कमिशन मध्यस्थी करू शकत असे, आणि मालकाचा आदेश अवाजवी वाटल्यास तो रद्द करून दुसरा देऊ शकत असे. 'मला योजनेत घ्या' या मागणीवरून मालकाला तसा आदेश देणे मात्र कमिशनच्या हातात नव्हते.

मग अनुदान घेऊनही मालकाने पुरते पैसे दिले नाहीत तर? किमान तेवढी रक्कम देण्याचे बंधन त्याच फेअर वर्क कायद्यात होते, तरी ती वसूल करण्यासाठी न्यायालयातच जावे लागे. याचे मूळ ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत आहे. १९५६ च्या बॉयलरमेकर्स खटल्यात तिथल्या हायकोर्टाने (हेच तिथले सर्वोच्च न्यायालय) ठरवले की, लवाद करणाऱ्या संघीय संस्थेला न्यायदानाची सत्ता देता येत नाही. यापुढच्या काळात कामाच्या अटी काय असाव्यात हे न्यायाधिकरण ठरवू शकते, परंतु आधीच जन्मलेल्या हक्कापोटी अमक्याने तमक्याचे इतके देणे आहे असा बंधनकारक निवाडा न्यायालयाचाच. कामगाराला ही विभागणी गैरसोयीची आहे, हे मी मान्य करतो, कारण न्यायाधिकरणाचा दरवाजा स्वस्त आणि जवळचा असतो. तरीही अधिकार नसताना दिलेला आदेश वरच्या न्यायालयात टिकणार नाही, आणि त्यात कामगाराचाच वेळ जाईल. आपल्याकडेही औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३३सी(२) खाली कामगार न्यायालय देय रकमेचा हिशेब करी, पण मुळात हक्कच वादग्रस्त असेल तर त्याचा निर्णय त्या कलमाखाली करता येत नसे.

क्वांटास या विमान कंपनीचा कामगार संघटनांशी झालेला जॉबकीपरचा वाद याच कारणाने कमिशनपुढे नव्हे, तर फेडरल कोर्टात चालला. एका पंधरवड्यातील जादा कामाचे पैसे पुढच्या पंधरवड्यात दिले जातात. ते कोणत्या पंधरवड्याच्या १,५०० डॉलरमध्ये मोजायचे, हा मुद्दा होता. सप्टेंबर २०२० मध्ये संघटनांच्या बाजूने लागलेला निकाल डिसेंबरमध्ये पूर्णपीठाने फिरवला.

भाचीच्या बाबतीत तिचा व्हिसा आधी पाहा. नागरिक, कायम रहिवासी आणि विशेष प्रवर्गाच्या व्हिसावरील न्यूझीलंडचे नागरिक यांनाच हे अनुदान होते. विद्यार्थी किंवा तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर असलेल्यांना नव्हते. कायम नसलेल्या, लागेल तसे बोलावल्या जाणाऱ्या (कॅज्युअल) कामगाराने त्याच मालकाकडे किमान बारा महिने नियमित काम केलेले असणेही आवश्यक होते. ती पात्र होती आणि मालक इतरांसाठी अनुदान घेत होता, तर एकदा योजनेत आलेल्या मालकाने सर्वच पात्र कर्मचाऱ्यांना सामावून घ्यावे हा नियम त्याने मोडला असे म्हणता येते. तिची तक्रार तेव्हा कर कार्यालयाकडे जायला हवी होती. तिच्या नावाने अनुदान उचलून तिला कमी पैसे दिले असतील, तर मार्ग न्यायालयाचा आहे. अशा दाव्यांची मुदत साधारणपणे सहा वर्षांची असते. २०२० च्या पंधरवड्यांसाठी ती २०२६ मध्ये संपते, म्हणून तिथल्या वकिलाकडून तारखा तपासून घ्याव्यात.