विचारा ताईला: पाकिटातलं गोड, घरच्या डब्यात

गेल्या महिन्यात मी सहज एक ओळ लिहिली होती की गुलाबजामच्या मिक्ससाठी दुकानात धावायची गरज नाही, घरीच डबा भरून ठेवता येतो, आणि त्या एका ओळीवर एवढे मेसेज आलेत की या वेळचा पूर्ण कॉलम त्यातच जाणार आहे. बहुतेक सगळे दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यातले, म्हणजे बाहेर पाऊस, घरात दमट आणि डोक्यात गणपती. काही जणींनी आभार मानलेत, पण जास्त जणींनी काय बिघडलं तेच लिहिलंय. तेच बरं, त्यातून सांगायला मिळतं.

ताई, तुमचं वाचून घरी गुलाबजामचं मिक्स केलं. पहिला घाणा तेलात फुटून विरघळला, दुसरा वरून काळा न आतून कच्चा. सासूबाई कढईत बघून म्हणाल्या, "ह्यां काय केलंस गो?" गणपतीला मुंबईहून पंचवीस माणसं येणार आहेत. आता पाकीटच आणू का?
*(एक वाचक, कणकवली)*

अगं थांब, पाकीट नको आणूस. तू मेसेजसोबत फोटो पाठवलास ते फार बरं केलंस, कारण दोन्ही उत्तरं त्या फोटोतच आहेत. ओट्यावर जो डबा दिसतोय तो दूध पावडरचा नाहीये, डेअरी व्हाइटनरचा आहे, चहात घालतात ते. त्यात साखर मिसळलेली असते, आणि साखर असलेलं पीठ तेलात पडलं की आतपर्यंत आच पोचायच्या आधीच वरून काळं होतं, हा झाला तुझा दुसरा घाणा. आणि पहिल्या घाण्याचा गुन्हेगार म्हणजे शेजारचा तो शिगोशीग भरलेला सोड्याचा चमचा. सोडा जास्त झाला की गोळा आतून इतका फुगतो की त्याला धरून ठेवायला मैदा पुरत नाही, मग तो फुटतो आणि तेल ढवळलं की विरघळल्यासारखा दिसतो.

आता माप लिहून घे. साधी, बिनसाखरेची दूध पावडर 200 ग्रॅम, मैदा 50 ग्रॅम, बारीक रवा 1 टेबलस्पून, खायचा सोडा पाव टीस्पून, तोही सुरीने सपाट केलेला. हे तीनदा चाळून घ्यायचं, दोनदा नाही, कारण सोडा एका जागी राहिला तर तेवढाच गुलाबजाम फुटतो आणि आपण तेलाला दोष देतो. एवढं कोरडं डब्यात राहतं. करायच्या दिवशी 2 टेबलस्पून पातळ तूप हाताने चोळायचं, 1 टेबलस्पून दही घालायचं (सोड्याला काम करायला आंबट काहीतरी लागतं), आणि मग दूध चमच्या-चमच्याने. पीठ हाताला किंचित चिकटेल एवढं सैल ठेव आणि दहा मिनिटं झाकून ठेव, दूध पावडर पाणी ओढत राहते, त्यामुळे आत्ता सैल वाटणारं पीठ दहा मिनिटांनी बरोबर होतं, आणि जी बाई आत्ताच घट्ट भिजवते तिचे गुलाबजाम गोट्या होतात. मळायचं तर अजिबात नाही. पोळीच्या कणकेसारखं तिंबलं की मैदा चिवट होतो. नुसतं गोळा करायचं.

तळताना एक छोटी गोळी टाकून बघ. ती तळाशी गेली पाहिजे, क्षणभर तिथे बसली पाहिजे आणि मग सावकाश वर आली पाहिजे. टाकल्या टाकल्या उडी मारून वर आली म्हणजे तेल फार तापलंय, गॅस बंद करून दोन मिनिटं थांब. एका घाण्याला सात-आठ मिनिटं लागली तर समज बरोबर चाललंय. पाकाला 600 ग्रॅम साखर, तेवढंच पाणी, तार नको, बोटांना चिकट लागला की पुरे. पाक गरम हवा पण उकळता नको. या मापात सुपारीएवढ्या गोळीचे साधारण तीसेक होतात, म्हणजे पंचवीस माणसांना तिप्पट तरी धर, चाकरमानी एकावर थांबत नाहीत.

आणि हो, स्वस्त पडतं का असं अनेकींनी विचारलंय. खरं सांगू? फार नाही. दूध पावडर महाग असते. पण पाकीट उलटं करून मागचं वाचा. घटक जास्तीत जास्त वजनाचा आधी आणि कमीत कमी शेवटी असे छापायचे हा नियम आहे. मैदा पहिला आणि दूध पावडर नंतर असेल तर आपण मैद्याचे पैसे कुठल्या भावाने देतोय ते लगेच कळतं. माझ्या मते घरच्या डब्याचा फायदा तिथे आहे, आणि मागची ती यादी म्हणजे अर्धी रेसिपी फुकटच असते.

घरी कस्टर्ड पावडर करता येते का? पिवळा रंग नको आहे. आणि उपासाला चालेल अशी काही?
*(वेंगुर्ला)*

येते, आणि इतकी सोपी की सांगायला लाज वाटते. कस्टर्ड पावडर म्हणजे कॉर्नफ्लॉर, वास आणि रंग. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्याच्या बायकोला अंडं चालत नव्हतं म्हणून त्याने 1837 मध्ये अंड्याऐवजी कॉर्नफ्लॉर वापरून हा प्रकार केला, तोच आपल्या फ्रूट सॅलडमध्ये येऊन बसलाय.

100 ग्रॅम कॉर्नफ्लॉर, 2 टेबलस्पून दूध पावडर, चिमूटभर मीठ, झालं मिक्स. व्हॅनिलाची पावडर आपल्याकडच्या वाण्याकडे मिळत नाही, त्यामुळे इसेन्स शेवटी गॅस बंद करून घालायचा. अर्धा लिटर दुधाला यातले 2 ते 3 टेबलस्पून, आणि कालवायचं ते थंड दुधातच. गरम दुधात टाकलं की प्रत्येक गुठळीचं वरचं पीठ लगेच शिजतं आणि आतलं कोरडंच राहतं, मग कितीही घोटा. रंग हवाच असेल तर केशर, नाहीतर हळदीचा अगदी कण. पण हळदीची युक्ती सोडा असलेल्या केकच्या मिक्समध्ये करू नका हं, सोड्याने हळद लाल होते, मी केलंय ते, केक विटेसारखा दिसत होता.

हापूसचा रस घालायचा तर कस्टर्ड पूर्ण गार झाल्यावर. गरमात घातला की त्याचा ताजा वास जातो, मग टिनमधला घातला काय न झाडावरचा घातला काय, एकच.

उपासाला कॉर्नफ्लॉर चालत नाही, पण त्यासाठी काही नवीन शोधायला नको, तवकीर आहे की. आपल्या आज्या तवकिरीच्या वड्या करायच्या, लापशी करायच्या, नाचणीचं सत्त्व वाळवून बरणीत भरून ठेवायच्या, ते प्रीमिक्सच होतं, फक्त त्यावर केकचा फोटो नव्हता. तवकीर थंड दुधात कालवून मंद आचेवर सतत ढवळत शिजवा, कॉर्नफ्लॉरपेक्षा लवकर दाट होते म्हणून अर्धा चमचा कमीच घ्या.

मुलाला जेली हवी असते, आम्ही शाकाहारी. चायना ग्रास आणून कोकमाची करून पाहिली, धरलीच नाही. आधी एकदा पाकिटाच्या जेलीत अननस घातला होता तीसुद्धा पाणीच झाली. नेमकं चुकतंय काय?
*(गुहागर)*

दोन्ही वेळा वेगळं चुकलं. साध्या जेलीत जिलेटिन असतं, ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून निघतं (म्हणून पाकिटावरचा हिरवा ठिपका बघूनच घ्या), आणि कच्च्या अननसात, पपईत जो पाचक रस असतो तो त्या जिलेटिनलाच खातो. अननस शिजवून घातला असता तर चाललं असतं. चायना ग्रास समुद्रातल्या शेवाळाचं, त्याला अननस काही करू शकत नाही, कच्चा घाला खुशाल.

पण चायना ग्रासचा शत्रू वेगळा, आंबट. आंबटासोबत उकळलं की त्याची धरण्याची ताकद जाते, तुम्ही कोकम घालून उकळलं असणार. 10 ग्रॅम चायना ग्रासच्या काड्या अर्धा तास भिजवा, मग अर्धा लिटर साध्या पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळा, एकही दोरा दिसता कामा नये, गॅस बंद करा आणि मग पाव लिटर अमृत कोकम ओता. ते फ्रीजमधलं गारेगार नको, नाहीतर भांड्यातच गोळे होतात. आगळ (कोकमाचा बिनसाखरेचा रस) घेऊ नका बरं का, त्यात मीठ असतं, माझ्या भाच्याने एकदा आगळ ओतलं आणि आम्ही सगळ्यांनी सोलकढीचे चौकोन खाल्ले. गोड नसेल तर साखर पाण्यातच घाला. ही फ्रीजबाहेरसुद्धा घट्ट होते, वीज गेली तरी, आणि आपल्याकडे पावसात ती जातेच.

कोरडं मिक्स करून ठेवायचं तर चायना ग्रासची पावडर घ्या, 2 टीस्पून पावडर आणि 100 ग्रॅम पिठीसाखर, अर्धा लिटर पाण्याला. साखरेत मिसळलेली असली की पावडरच्या गुठळ्या होत नाहीत.

घरात गुरं राहिली नाहीत, चीक मिळत नाही. पाकिटातला खरवस आणू की घरी काही करता येतं?
*(चिपळूण)*

एक वाटी दूध, एक वाटी कंडेन्स्ड मिल्क, एक वाटी ताजं गोड दही, वेलची, जायफळ, नीट फेटून झाकण लावून वीस-पंचवीस मिनिटं वाफवा, गार होऊ द्या, वड्या पडतात. छान लागतं. पण त्याला खरवस म्हणू नका माझ्यासमोर. चिकातली प्रथिनं उष्णतेने स्वतःच घट्ट होतात, त्यात काही धरायला घालावं लागत नाही, आणि ती जाळी, तो गुळाचा वास वाटीभर दह्याने येत नाही. वाडीत गाय व्यायली की शेजारी तांब्याभर चीक पाठवायचे, रिकामा तांब्या परत करायचा नाही म्हणून आई त्यात तांदूळ घालून द्यायची. असो. पाकीट घेतलंत तर मागे चिकाची पावडर लिहिलीय की चायना ग्रास, ते बघून घ्या.

पावसात सगळी मिक्सं दगड होतात, पाकिटातलं मात्र भुरभुरीत राहतं. ते काय घालतात?
*(रत्नागिरी, असाच प्रश्न आणखी चौघींचा)*

ते गुठळ्या होऊ न देणारी पावडर घालतात, आणि मुख्य म्हणजे कोरड्या खोलीत भरून चांदीच्या कागदात सील करतात. आपलं स्वयंपाकघर श्रावणात कसं असतं ते मी तुम्हाला काय सांगणार, मिठाच्या बरणीला पाझर फुटतो.

माझीच गंमत ऐका. नणंद ठाण्याला निघाली तेव्हा कौतुकाने तिला केकचं मिक्स बरणी भरून दिलं, बेकिंग पावडरसकट. बरणी मी धुऊन फडक्याने पुसली होती, उन्हं नव्हतीच. तिने पंधरा दिवसांनी उघडली तर आत वीट, सुरीने खरवडून केक केला तर तो भाकरीएवढा उंच. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि आंबट दोन्ही असतात, ओल लागली की ते बरणीतच एकमेकांशी उरकून घेतात, केकसाठी काही शिल्लक राहत नाही.

तेव्हापासून मी बेकिंग पावडर मिक्समध्ये घालतच नाही. कागदाच्या पुडीत बांधून, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरणीत वर ठेवते, करताना मिसळते. पुडी जुनी झाली असं वाटलं तर अर्धा चमचा गरम पाण्यात टाकून बघा, फसफसून वर आली तर जिवंत आहे. रवा, तांदळाची पिठी कोरडी भाजून पूर्ण गार करूनच भरा, पोरकिडेही होत नाहीत. पिठीसाखर घरी दळताना वाटीभर साखरेला एक चमचा कॉर्नफ्लॉर टाका. मोठा डबा करू नका, एका वेळच्या छोट्या बाटल्या भरा. दूध पावडर असलेलं मिक्स फ्रीजमध्ये दोन महिने चांगलं राहतं, पण बाटली बाहेर काढल्यावर लगेच उघडायची नाही, खोलीइतकी होऊ द्यायची, नाहीतर थंड पावडरवर हवेतलं पाणी धरतं आणि सगळा खटाटोप फुकट.

आमचा बचत गट आहे. तवसाळीचं (तवशाच्या, म्हणजे काकडीच्या गोड केकचं) प्रीमिक्स काढायचा विचार आहे, गणपतीत मुंबईकर घेतील. जमेल का?
*(दापोलीजवळून)*

कल्पना मला फार आवडली, जमेलही, पण तवसाळीतलं निम्मं तर तवसंच आहे, ते पाकिटात कसं भरणार? तुमच्या पाकिटात भाजलेला जाडसर तांदळाचा रवा, वेलची, मीठ आणि वेगळ्या पुडीत गूळ पावडर, एवढंच द्या. गूळ रव्यात मिसळलात तर आठवड्यात लाडू होईल. खोबरं ओलंच लागतं, ते त्यांना घालू द्या, सुकं घालून विकू नका, खवट झालं की नाव तुमचं जातं. विकायचं म्हणजे एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागेल, तो नंबर, वजन, तारीख, घटक सगळं पाकिटावर छापायचं.

खरी अडचण पाण्याची. जून पिवळं तवसं वेगळं पाणी सोडतं, मुंबईच्या बाजारातली कोवळी काकडी वेगळं, त्यामुळे "एक वाटी पाणी घाला" असं छापलंत की तक्रारी सुरू. त्यापेक्षा असं छापा: किसलेली काकडी पिळू नका, तिच्या पाण्यातच रवा अर्धा तास भिजवा, आणि पळीतून मिश्रण जाड पडेल इतकंच दूध वरून घाला. आणि वर-खाली निखारे कुणाकडे नसणार, तेव्हा जाड बुडाच्या पातेल्यात, तूप लावून, मंद आचेवर पाऊण तास हेही लिहा. पहिली दहा पाकिटं विकू नका, मुंबईतल्या दहा ओळखीच्या घरी फुकट पाठवा आणि त्यांनी काय बिघडवलं ते विचारा.