एक लाख टनांची उडती नौका आणि अकरावीतला मुलगा

सुभेदारसाहेब, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा अकरावी सायन्सला, गणितात चांगला, केमिस्ट्रीत जेमतेम. कॉलेजातून आला की फोनवर मित्रांशी वाद सुरू: सिनेमातली उडती युद्धनौका खरंच उडेल का, लोखंडी सूट घालून जवान लढेल का. ‘बावीस वर्षं फौजेत काढली, असलं काही कधी पाहिलं नाही. हा पोरखेळ बंद करून त्याला एनडीएच्या क्लासला घालू का?’ असं तुम्ही विचारलंय.

क्लासचं नंतर बोलू, आधी तो वाद. ‘अशक्य आहे’, ‘नाही रे, पुढे होईल’ असं दोन तास चालत असेल तर ती नुसती करमणूक. पण त्यात एखादा आकडा येत असेल तर गोष्ट वेगळी. तपासायचं असेल तर एका रविवारी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवा.

२०१२ च्या ‘द अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये एक विमानवाहू नौका चार अवाढव्य पंख्यांवर समुद्रातून वर उठते. अमेरिकेची निमित्झ वर्गातली खरी नौका साधारण एक लाख टनांची, म्हणून वजन तेवढं धरायचं. पंख्याचा व्यास ५० मीटर धरू. पंखा हवा खाली ढकलतो म्हणून नौका वर उचलली जाते. हा न्यूटनचा तिसरा नियम, तुमच्या मुलाच्याच फिजिक्सच्या पुस्तकातला. हिशेब केला तर चारही पंख्यांतून हवा सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आसपास वेगाने जायला हवी, आणि नुसतं अधांतरी राहायला सुमारे २२० गिगावॅट, म्हणजे २ लाख २० हजार मेगावॅट लागतात. तुमच्याच जिल्ह्यातला कोयना प्रकल्प १,९६० मेगावॅटचा. म्हणजे एकशे दहा कोयना त्या नौकेच्या पोटात बसवायच्या, तेही वाटेत काही वाया जात नाही असं मानून. (मी हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा शून्यं चुकली असं वाटून पुन्हा केला होता.)

आता सूट. इथे तुमची गरज आहे. पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की वाळवंटातल्या पोस्टिंगला रेडिओ सेटपेक्षा त्याच्या बॅटऱ्यांचं ओझं जास्त वाटायचं. साहेब, सगळी मेख त्या वाक्यात आहे. अमेरिकेच्या स्पेशल ऑपरेशन्स कमांडने २०१३ साली असाच सूट बनवायला घेतला, नाव ‘टॅलोस’. २०१९ मध्ये त्यांनी सांगून टाकलं की अख्खा सूट जवळच्या लढाईत चालण्यासारखा नाही. एक मोठी अडचण होती ती वीज पुरवण्याची. समजा सूटला ३ किलोवॅट लागतात आणि गस्त आठ तासांची आहे. झाले २४ युनिट. चांगली लिथियमची बॅटरी किलोमागे पाव युनिटसुद्धा जेमतेम देते, म्हणजे शंभर किलोच्या वर नुसती बॅटरी. ती वाहायला सूटला आणखी ताकद, त्या ताकदीला आणखी बॅटरी. एवढं करून वाळूत सांधे अडकतील ते वेगळंच, आणि ते तुम्ही त्याला माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. एका संध्याकाळी सांगा. बापाची नोकरी म्हणजे फक्त परेड आणि रम नव्हे, हे त्यालाही कळेल.

आणि हो, बॅटरी म्हणजे केमिस्ट्री. ज्या विषयाकडे तो पाठ फिरवतोय, त्याचा आवडता सूट तिथेच अडलाय. हे तुम्ही बोललात तर उपदेश वाटेल. माझं नाव सांगा.

आता एनडीए. तिथला अधिकारी शस्त्र वापरतो, माणसं सांभाळतो. शस्त्राचं डिझाइन करणं हे वेगळं आयुष्य. तुम्हाला मुलगा वर्दीत हवाय, त्याला बहुतेक ते यंत्र उघडून बघायचंय. दोन्ही जमवणारी वाट म्हणजे सैन्याची टेन प्लस टू टेक्निकल एंट्री: बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्समध्ये मिळून किमान ६० टक्के, जेईई मेन ही इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा दिलेली असावी लागते, पुढे एसएसबी म्हणजे सैन्याची निवड मुलाखत, इंजिनिअरिंगची पदवी सैन्यातच होते. वर्दी नको असेल तर मेकॅनिकल किंवा एरोस्पेसला बी.ई., मग गेट ही परीक्षा, आणि त्या गुणांवर डीआरडीओ, म्हणजे सरकारची संरक्षण संशोधन संस्था. पिनाक रॉकेट पुण्याच्या पाषाणमध्ये, डीआरडीओच्याच एआरडीई या प्रयोगशाळेत घडलं. साताऱ्याहून बसने तीन तासांच्या अंतरावर ही नोकरी आहे, हे पुष्कळ मुलांना माहीतच नसतं. आणि हिशेबाचा कंटाळा येऊन त्याला ‘असं शस्त्र आलं तर युद्ध कसं बदलेल’ यातच रस वाटला, तर पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा विभाग आहे. नोकऱ्या तिकडे कमी, हे आधीच सांगून ठेवतो.

ड्रोनच्या छोट्या कोर्सच्या जाहिराती तुमच्याकडेही येत असतील. रिमोट पायलटचं सर्टिफिकेट हा उडवायचा परवाना आहे, ड्रोन बनवायचं शिक्षण नव्हे. हौस म्हणून अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर खुशाल घेऊ द्या. करिअर म्हणून आता पैसे घालू नका.

तेव्हा एनडीएच्या क्लासची फी तूर्त भरू नका, जेईईच्या अभ्यासाला लागू द्या. एनडीएचा पेपर बारावीत असतानाही देता येतो आणि गणित-फिजिक्सचा अभ्यास बराचसा तोच. पुढच्या पत्रात त्याच्या हातचा कागद पाठवा. पंख्याचा व्यास ५० ऐवजी १०० मीटर केला तर क्षेत्रफळ चौपट होतं, पण लागणारी शक्ती निम्म्यावरच येते. असं का, ते त्याने मित्रांना न विचारता शोधलं की नाही, तेवढं मला कळवा.