नाशिकमध्ये आमच्या वाचनालयात १९८८ चा दूरदर्शनचा एक रविवार जुन्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर दाखवायचा आहे. कार्यक्रमांचा क्रम आणि टीव्हीची जोडणी कशी करावी?

गंगापूर रोडवरच्या वाचनालयात सकाळपासून रात्रीपर्यंत असा रविवार उभा करायचा आणि तोही माळ्यावरून काढलेल्या संचावर, हे नक्की जमेल. फक्त कार्यक्रमांची यादी करायला बसण्याआधी तारीख पक्की करा. नुसतं '१९८८' म्हणून भागत नाही. रामायण २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं आणि ३१ जुलै १९८८ ला संपलं. महाभारत लागलं ते २ ऑक्टोबर १९८८ ला. म्हणजे त्या ऑगस्ट-सप्टेंबरातला रविवार धरलात तर दोन्ही नाहीत. भारत एक खोज त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातली, फौजी १९८९ ची, आणि दुपारची रोजची सभा, म्हणजे प्रसारणाचं सत्र, २६ जानेवारी १९८९ पासूनची. आठवणीतून यादी केली की हे सगळं एकाच दिवसात कोंबलं जातं. मी तुमच्या जागी असतो तर १९८८ च्या मार्च ते मे मधला एखादा रविवार घेतला असता.

तारीख ठरली की त्या दिवसाचं वर्तमानपत्र शोधा. सार्वजनिक वाचनालयात आणि शहरातल्या जुन्या संग्राहकांकडे गांवकरी, देशदूतच्या फायलींची चौकशी करा. नाशिकचाच अंक हवा, आणि त्याला कारण आहे. मुंबई केंद्राच्या मनोऱ्यावरून निघालेला संकेत सरळ रेषेत जातो आणि मध्ये कसाऱ्याचा घाट आडवा येतो. म्हणून मुंबईपासून लांबच्या गावांसाठी १०० वॅटचे लघुशक्ती प्रक्षेपक बसवले गेले. ते इन्सॅट उपग्रहावरून तबकडीत जे उतरेल तेच पुढे पाठवायचे. उपग्रहावर त्या वेळी दिल्ली असेल तर पडद्यावर दिल्लीच, मग मुंबईच्या अंकात त्या वेळेला कुठलाही मराठी कार्यक्रम छापलेला असो. मुंबईचाच अंक हाती लागला तर रात्री ८.४० च्या हिंदी समाचारापासून पुढचा भाग डोळे मिटून घ्या, तो देशभर एकच होता. त्याआधीचा प्रत्येक कार्यक्रम तपासून घ्या.

आता दिवसाची बांधणी. लोक सर्वात जास्त चुकतात ते इथेच. कार्यक्रम सलग लावतात. दूरदर्शन चोवीस तास नव्हतं, दिवस सभांमध्ये वाटलेला असे. सभा सुरू होण्याआधी पडद्यावर स्थिर चाचणी चित्र आणि एकसुरी आवाज, मग फिरत येऊन जुळणारं बोधचिन्ह आणि त्याबरोबर सूरावट, मग निवेदिका. ती पडद्यावर दिसते, नमस्कार करते आणि पुढचे कार्यक्रम सांगते. ही निवेदनं नव्याने चित्रित करा, प्रत्येकी ३० ते ४० सेकंदांची. कॅमेरा हलवू नका, पाठीमागे साधा पडदा, निवेदिका छातीपर्यंत दिसेल एवढी चौकट. दोन सभांमधली मोकळी वेळ भरू नका. त्या वेळात टीव्ही चालू ठेवला तर पडद्यावर मुंग्या दिसतात आणि खरखर ऐकू येते, तेही त्या दिवसाचाच भाग आहे. मुलांना हे पाहायला मिळायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

रविवारी सकाळी साडेनऊला रामायण, पुढे मालिका. दुपारी कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेतल्या बातम्या आणि प्रादेशिक भाषेतला चित्रपट, खाली इंग्रजी उपशीर्षकं. संध्याकाळी हिंदी चित्रपट. मराठी चित्रपट शनिवारचा, तो रविवारात घालू नका. चित्रहार बुधवारचा, तोही नको.

रात्री ८.४० ची जोडणी सेकंदावर ठेवा. केंद्र आपला कार्यक्रम सोडून दिल्लीला जोडलं जायचं, त्यामुळे समाचाराआधी पडद्यावर घड्याळ यायचं. त्याआधी २० सेकंदांची मोकळी फट ठेवा. 'व्यत्यय' किंवा 'रुकावट के लिए खेद है' ही पाटी दिवसभरात एकदा-दोनदाच लावा, आणि तीही जोडणीच्या जागी किंवा उपग्रहाचा दुवा तुटल्यासारखं चित्र अचानक गेल्यावर. दर अर्ध्या तासाला पाटी आली की तो दिवस खोटा वाटायला लागतो. जाहिराती कार्यक्रमाच्या अलीकडे-पलीकडे गठ्ठ्याने लावा, भागाच्या मधोमध नाही. अर्ध्या तासाच्या मालिकेचा मजकूर साधारण २२ ते २५ मिनिटांचा धरा. जुने भाग आणि चित्रपट जाहीरपणे दाखवायला हक्कधारकांची परवानगी लागते, ते पत्र महिनाभर आधी पाठवा.

टेबलावर त्या काळच्या वस्तू मांडणार असाल तर टीव्हीच्या परवान्याचं पुस्तक ठेवू नका. ते शुल्क १९८५ मध्येच रद्द झालं होतं.

आता संच. गच्चीवर ॲंटेना लावून काही येणार नाही, दूरदर्शनचं ॲनालॉग प्रक्षेपण २०२२ पर्यंत जवळजवळ सगळीकडे बंद झालं. संकेत तुम्हालाच द्यावा लागेल आणि तो वायरीनेच. मॉड्युलेटरला (चित्र-आवाजाचा टीव्हीच्या चॅनेलवरचा संकेत बनवणाऱ्या डबीला) ॲंटेना लावून हवेत सोडणं बेकायदेशीर आहे. लॅपटॉप, एचडीएमआय ते एव्ही कन्व्हर्टर, व्हीएचएफ मॉड्युलेटर, ७५ ओहमची को-ॲक्स (गोल केबल टीव्हीची वायर) आणि तिला ३०० ओहमच्या पट्टी वायरीशी जुळवणारा छोटा जोड, म्हणजे बॅलन, एवढं सामान लागतं. संचाच्या मागे दोन स्क्रू आणि चपटी पट्टी वायर असेल तर बॅलन हवाच, नाहीतर एकाच चित्राच्या दोन-दोन सावल्या पडतात. एम. जी. रोडवर हे मिळतं का ते आधी बघा. मॉड्युलेटर मात्र जुन्या केबलवाल्याकडे मिळण्याची शक्यता जास्त.

कन्व्हर्टरवर पाल (आपल्याकडची) आणि एनटीएससी (अमेरिकेतली) या टीव्ही पद्धतींचं बटण असतं. ते पालवर ठेवा, नाहीतर ५० ऐवजी ६० हर्ट्झचा संकेत जाईल आणि चित्र वर-खाली गडगडेल. संचावरचा व्हर्टिकल होल्डचा नॉब फिरवून ते थांबलंच तरी खरा उपाय बटणच. चित्र स्वच्छ पण आवाजाच्या जागी फुसफुस असेल तर मॉड्युलेटरच्या आवाजाचं अंतर चुकलं आहे. आपल्याकडे चित्रवाहक आणि ध्वनिवाहक (चित्र आणि आवाज वाहून नेणाऱ्या दोन लहरी) यांत ५.५ मेगाहर्ट्झचं अंतर असतं. ब्रिटनच्या मॉड्युलेटरचं ६, अमेरिकेच्या ४.५. जुना व्हीसीआर मॉड्युलेटर म्हणून वापरण्याचं बऱ्याच जणांच्या डोक्यात येतं, पण पाल व्हीसीआर बहुतेक यूएचएफवर, म्हणजे व्हीएचएफच्या वरच्या पट्ट्यात, ३६ क्रमांकाच्या चॅनेलच्या आसपास संकेत देतो. बारा कटकट करणाऱ्या जुन्या नॉबच्या संचात यूएचएफ नसतं, त्यामुळे तासभर शोधूनही काहीच सापडत नाही. चित्र वाकडं होऊन आवाजात घुरघुर आली तर संकेत जास्त तीव्र आहे, मध्ये १० ते २० डेसिबलचा ॲटेन्युएटर (संकेत कमी करणारा जोड) लावा. फाइल ७२० × ५७६ ची, ४:३ प्रमाणात बनवा. १६:९ ची तशीच घातलीत तर निवेदिकेचा चेहरा उभा ताणलेला दिसेल.

वर्षानुवर्षं बंद असलेला संच एकदम मेनवर लावू नका. आधी १०० वॅटच्या बल्बच्या सिरीज बोर्डवर (वीज बल्बमधून जाऊन मगच संचाला मिळते अशा बोर्डवर) चढवा. बल्ब भडकून तसाच पेटता राहिला तर आत शॉर्ट आहे, मेकॅनिककडे न्या. बल्ब मंद झाला तर पुढे जा. चित्र खालून-वरून आखडलेलं असेल तर बहुधा व्हर्टिकलचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वाळलेत. काळा पट्टा हळूहळू सरकत असेल तर वीजपुरवठ्याचा फिल्टर. पावसाळ्यात चर्रर्र आवाज आला तर उच्चदाबाच्या टोपीभोवती ओल-धूळ धरली आहे.

मागचं झाकण स्वतः उघडू नका. ब्लॅक अँड व्हाइट नळीवरही १० हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि तो टीव्ही बंद केल्यावरही टिकतो. दुसरं म्हणजे त्या काळच्या कित्येक संचांत चॅसीस, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट मेनला जोडलेली असते. आत वायर सोल्डर करून एव्हीची तोंडं बाहेर काढली तर वाचनालयातला लॅपटॉप आणि त्याला हात लावणारा माणूस दोघंही मेनला जोडले जातात. संकेत ॲंटेनाच्या स्क्रूंवरूनच द्या.

कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी पूर्ण दिवसाची रंगीत तालीम घ्या. संच सलग दोन-तीन तास चालला की तापून चित्र सरकतं, चॅनेलची बारीक जुळणी पुन्हा करावी लागते, आणि मागच्या जाळीपासून भिंत निदान १५ सेंटिमीटर लांब असावी लागते. दिवसभर संचाजवळ एक माणूस बसवा. सभा सुरू होण्याआधीच्या चाचणी चित्रावर फाइन ट्यूनिंगची बारकी कडी फिरवून जुळणी तेव्हाच करून घ्यायला सांगा, कार्यक्रम सुरू झाल्यावर नाही.