‘मॅडम, या मशीनची सवय लागेल का?’

झोपेच्या तपासणीचा अहवाल हाती पडल्यावर रुग्ण आमच्या क्लिनिकमध्ये समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसतात, तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. नाशिकच्या अंबड भागातील एका कारखान्यात सुपरवायझर असलेल्या सत्तेचाळीस वर्षांच्या गृहस्थांनीही तोच विचारला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) द्वारका चौकातील सिग्नलला दुचाकीवर बसल्या बसल्या डोळा लागला होता, हे त्यांनी नव्हे, त्यांच्या पत्नीने सांगितले. “घोरण्याचं काही नाही हो मॅडम, कानांना सवय झालीय. ह्यांचं घोरणं मधेच थांबतं ना, तेव्हा मी उठून बसते.”

रात्रभर मेंदूच्या लहरी, श्वास, हृदयाचे ठोके आणि रक्तातील प्राणवायू यांची नोंद घेतल्यावर झोपेत घसा मिटून श्वास अडण्याचा विकार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, स्पष्ट झाला. किमान १० सेकंद श्वास बंद पडणे किंवा बराच उथळ होणे, असे प्रसंग तासाला ३० किंवा अधिक असतील तर विकार तीव्र मानतात. यांचा आकडा ४२ होता, म्हणजे साधारण दर दीड मिनिटाला एकदा. प्रत्येक वेळी मेंदू क्षणभर जागा होऊन घसा उघडत असे आणि सकाळी त्यांना त्यातले काहीही आठवत नसे.

डॉक्टरांनी सीपॅप मशीन सुचवले. कॉलिन सलिव्हन यांनी ऑस्ट्रेलियात १९८१ मध्ये मांडलेला हा उपचार साधा आहे: खोलीतलीच हवा थोड्या दाबाने नाकावाटे सोडायची, म्हणजे घसा मिटत नाही. “पाइप चेपू नये म्हणून आतून प्रेशर,” असे ते गृहस्थ लगेच म्हणाले. औषधासारखे याचे व्यसन लागत नाही आणि वजन बरेच उतरले तर फेरतपासणी करून मशीनची गरज पुन्हा ठरवता येते, हेही मी सांगितले आणि काम झाले असे समजले.

पंधरा दिवसांनी मशीनच्या नोंदीत वापर शून्य तास होता.

चूक माझी होती. विचारलेल्या प्रश्नाचेच मी उत्तर देत बसले होते. पत्नीला बाहेर बसवून पुन्हा विचारले, तेव्हा बराच वेळ मास्कचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत ते म्हणाले, “मोठ्या भावाला कोविडमध्ये असाच मास्क लावला होता.” भाऊ २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले होते. सवयीची भीती त्यांना नव्हतीच.

त्यानंतर आम्ही रात्रीचे नावच काढले नाही. आधी नुसता मास्क, तोही पट्टा न बांधता, संध्याकाळच्या बातम्या बघताना हाताने नाकावर धरायचा आणि वाटेल तेव्हा काढायचा. मग मशीन सुरू करून बसल्या बसल्या. मग सुटीच्या दुपारी आडवे होऊन. दिवसाची पेंग जाईपर्यंत दुचाकी बंद, ही अट मात्र मी सोडली नाही. पाचव्या आठवड्यात बहुतेक रात्री चार तासांहून अधिक वापर दिसू लागला.

पुढच्या भेटीत त्यांची शंका वेगळी होती: निफाडजवळच्या गावी रात्री वीज गेली तर? मास्कला हवा जाण्यासाठी छिद्रे असतात, शिवाय नाकावरचाच मास्क असल्याने तोंड मोकळे राहते, त्यामुळे जीव गुदमरणार नाही, फक्त त्या रात्री घोरणे आणि श्वास अडणे परत येईल, असे मी सांगितले. त्यांनी तेवढ्यावर न थांबता गावच्या घरी इन्व्हर्टर बसवून घेतला.